दोन सीटची बुजरी गाडी

जिल्ह्यातल्या तमाम जनतेला, तिच्या शेळ्यामेंढ्यांसह, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, शिरड शहापूर येथील एका भूगोलाच्या शिक्षकाची लाल रंगाची, दोन सीटची, जमिनीला पोट लावून चालणारी स्पोर्ट्स कार भर रस्त्यात बुजली. त्यामुळे सदर शिक्षकाची पत्नी गाडीतून उतरली आणि काळीपिवळी जीपमध्ये बसून निघून गेली. सदर शिक्षक मीच. जनतेने शांतता राखावी. मला तेव्हा ती राखता आली नव्हती.

ही गाडी मी घेतलीच कशाला, हे आधी सांगतो.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण या पंचवीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. स्कूटर होती तेव्हा एक लेकरू पुढं उभं आणि एक मधे दाबून बसवलेलं. मग मोठी गाडी आली. तिच्यात मावशी, शेजारच्या काकू, काकूंची बहीण आणि बहिणीचं हिंगोलीला पोचवायचं हळदीचं पोतं. बायको कायम मागं, मी पुढं. संसाराची निम्मी बोलणी आम्ही आरशातून केली. लेकरं शिकायला बाहेर गेली तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आता अशी गाडी घ्यायची, जिच्यात तिसऱ्याला जागाच नाही. पुण्यातल्या एका हौशी माणसाची जुनी गाडी मिळाली आणि मी ती एखादी नवरी आणावी तशी हळूहळू घरी आणली.

आमच्या घरामागं एका मेंढपाळाचं घर आहे. मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

"सर, मागं कोण बसंल?"

"कोणीच नाही. मागं काही नाहीच."

"आन् पोतं?"

"पोतंही नाही."

मामांनी तिसरी चक्कर मारली. "मंग घेतली काहून?"

बायको दारात उभी होती. ती फक्त हसली. तिला कळलं होतं काहून घेतली ते.

पहिली अडचण स्पीडब्रेकरची आली. आमच्याकडं ज्याच्या दारापुढून गाड्या जोरात जातात, तो मुरूम आणि खडी टाकून आपला आपण स्पीडब्रेकर करून घेतो. गाडीचं पोट प्रत्येकावर असं खरवडायचं की ऐकणाऱ्याच्या दातांना कळ यावी. मी गाडी वारंगा फाट्यावर माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडं नेली. पुढच्या स्प्रिंगांमध्ये रबराचे जाड ठोकळे बसवून घेतले. नाक चार बोटं वर आलं. मग गावातल्या पंक्चरवाल्यानं हवा भरली. आमच्याकडं हवा भरताना गाडी कधी रिकामी जाणार नाही हे धरूनच भरतात. त्यानं माझ्या दोन माणसांच्या गाडीत प्रेमानं दहा माणसांची हवा भरली. टायरवर बुक्की मारून म्हणाला, "आता बघा, कशी कडक झाली."

मग आला तो दिवस. बायकोचं माहेर गोरेगावचं. तिनं ठेवणीतली साडी नेसली, केसात गजरा घातला, आणि आम्ही निघालो. हिंगोलीपर्यंत रस्ता गुळगुळीत. ती खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती आणि मी पोट आत घेऊन गाडी चालवत होतो. हिंगोली सुटली आणि ठिगळांचा रस्ता लागला. डावं चाक एका ठिगळावर चढलं आणि गाडी एकदम डावीकडं पळाली. मी सावरली. उजवं चाक खड्ड्यात उतरलं, गाडी दुसऱ्याच दिशेला. मी स्टिअरिंग सरळ धरलंय, आणि गाडी साप पाहिलेल्या वासरासारखी टणाटण उडतेय. एका बाभळीनं तर मला अगदी जवळून ओळख दिली.

"थांबवा," बायको म्हणाली.

"अगं, रस्ता खराब आहे."

"रस्ता माझ्या जन्माच्या आधीपासून खराब हाय. तुमची गाडी बुजते. थांबवा."

ती उतरली. मागून गोरेगावची काळीपिवळी आली, तिनं हात केला, आणि आधीच ठासून भरलेल्या त्या जीपमध्ये ती बसली. पुढचे बारा किलोमीटर मी त्या जीपच्या मागं होतो. मागच्या फळीवरची सगळी तोंडं माझ्याकडं. एका आजोबांनी शेवटपर्यंत पापणी हलवली नाही. सासुरवाडीत मी पोचलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. मेव्हणा पाण्याचा तांब्या देत म्हणाला, "दाजी, एकटेच? गाडीत जागा नव्हती का?"

परत येतानाही ती जीपनंच आली. घरी आल्यावर शांतपणे म्हणाली, "भावाच्या नव्या घराची वास्तुशांती तीन आठवड्यांनी हाय. तवा मी जीपनं जाईन. तुमी तुमच्या गाडीनं या. बाजूच्या सीटवर पिशव्या ठेवा."

पिशव्या! पंचवीस वर्षांनी रिकामी केलेल्या जागेवर पुन्हा पिशव्या! मी त्या क्षणी प्रतिज्ञा केली. मनातल्या मनातच, कारण ती अजून समोर उभी होती.

दुसऱ्या दिवशीपासून शोध सुरू. शाळेमागच्या कच्च्या रस्त्यावर तीन उंचवटे आहेत. रोज शाळा सुटली की मी तिथं गाडी पळवायचो आणि वहीत लिहायचो. दोन्ही चाकं एकदम उंचवट्यावर गेली, तर गाडी जराशी थरथरते पण सरळ जाते. एकच चाक गेलं, तर त्याच बाजूला पळते. ब्रेक लावला काय, न लावला काय, फरक नाही. स्टाफरूममधल्या प्रत्येकाचं निदान वेगळं होतं. गणिताच्या सरांचं म्हणणं होतं की दोष चालकात आहे, आणि ते त्यांनी फळ्यावर मांडूनही दाखवलं.

मग वारंगा फाटा. मेकॅनिकनं आधी टायरला लाथ मारली आणि पाय धरून बसला. "सर, हे टायर हाय का जातं? हवा कुणी भरली?" निम्मी हवा सोडली. उड्या मारणं थांबलं, पण पळणं गेलं नाही. त्यानं गाडी जॅकवर घेतली, चाकं धरून हलवली, सांधे तपासले, बेअरिंग तपासलं. कुठंच ढिलेपणा नाही. शहरातून कॉम्प्युटरवर चाकांची अलाइनमेंटही करून आणली. कागदावर सगळे आकडे हिरवे. उभी गाडी अगदी सरळ. माझा नववीचा वर्गही साहेब तपासणीला आले की असाच सरळ असतो.

दोन आठवडे संपले. बायकोनं जीपवाल्याला सांगून खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती.

त्या उंचवट्यांजवळच मामा मेंढ्या चारत बसायचे. रोज माझा खेळ बघायचे. एका संध्याकाळी मी गाडी थांबवून कपाळ पुसत होतो, तेव्हा ते काठी टेकत आले.

"सर, रागावू नका. तुमच्या गाडीचे पुढले पाय गचक्याला फाकतात."

"मामा, कॉम्प्युटरनं तपासलंय. चाकं सरळ आहेत."

"उभी असताना व्हय. लंगडी मेंढीबी उभी असली की बराबर दिसते. म्या कधी उभ्या मेंढीचा पाय बघत न्हाई. चालू देतो, आन् समोर बसून बघतो. तुमी गाडीत बसून बघून राहिले, मंग कसं दिसंल?"

हे मला सुचलंच नव्हतं. मग त्यांनी सांगितलं तिथं, रस्त्याच्या कडेला, मेंढ्यांमध्ये मांडी घालून बसलो. गाडी चालवायला गणिताच्या सरांना बोलावलं. म्हटलं, बघू आता चालकाचा दोष कुठं जातो. सर आले, उंचवटा आला, आणि डावं चाक वर उचललं जाताना माझ्या डोळ्यांदेखत बाहेरच्या बाजूला वळलं. सर कडेच्या एका बाभळीपाशी थांबले आणि बराच वेळ उतरलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार. मामांना बाजूला बसवून फाटा गाठला. मेकॅनिकला सगळं सांगितलं. त्यानं चाकाच्या अंगाला लागून सुतळी ताणून बांधली, पुढून मागून टेकेल अशी. बॉनेटवर गोणपाट पसरलं. मग चहाच्या टपरीवर जीपची वाट बघत बसलेल्या मंडळींना हाक मारली, "या हो, जरा दाबू लागा!"

आमच्याकडं कशाला दाबायचं, हे कुणी विचारत नाही. आठ माणसं आली आणि नाकावर रेलली. गाडी खाली गेली, आणि चाकानं पुढून सुतळी बाहेर ढकलली. मागच्या बाजूला बोट जाईल एवढी फट पडली. हात काढले, चाक परत सरळ. पुन्हा दाबलं, पुन्हा वळलं. मंडळींना इतकी मजा आली की एक जीप सुटून गेली तरी कुणी हललं नाही.

मेकॅनिक आडवा होऊन खाली गेला. खालून आवाज आला.

"सर, चाक वळवणारा हा दांडा आडवा सरळ पाहिजे. इथं तो तिरपा उतरून राहिला. चाक वर गेलं की दांडा त्याला बाहेर ढकलतो."

"तिरपा कशानं झाला?"

"गाडीचं नाक उचललं म्हणून."

"उचललं कुणी?"

खाली पाना खणकन पडला. "म्या," आवाज आला. "पण रबर टाका म्हणून सांगितलं कुणी?"

आठ माणसं आणि मामा माझ्याकडं वळले. पुण्याचा मालक, रस्ता, सरकार, सगळ्यांना मी गेले दोन आठवडे शिव्या घातल्या होत्या. त्या सगळ्या एकदम परत आल्या. मी चहा सांगितला, सगळ्यांना.

रबराचे ठोकळे निघाले. नाक खाली आलं. स्पीडब्रेकरवर आता गाडी तिरपी घालावी लागते, एकेक चाक चढवत. दारात बसलेल्या बाया पदर तोंडाला लावतात. लावू द्या.

घरी येऊन मी बायकोपुढं गुन्हा कबूल केला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला वाटलंच. गाडीला काय कळतंय. रबर तुमच्या डोक्यात होतं."

"मग बसशील?"

"हिंगोलीपर्यंत बसते. पुढचं पुढं."

वास्तुशांतीच्या दिवशी ती बसली, पण कशी? पर्स मांडीवर, चपला पायात घट्ट, उजवा हात माझ्या सीटच्या कडेला आणि डावा हात दाराच्या कडीवर. हिंगोलीत मी थांबलो. ती उतरली नाही.  मी निघालो.

पहिलं ठिगळ आलं. गचका बसला, गाडी सरळ. दुसरं. खड्डा. सरळ. मी स्टिअरिंगवरचा एक हात दाखवण्यापुरता सोडला. तिनं एका नजरेनं तो परत ठेवायला लावला. ती बाभळ आली. गाडी तिच्या शेजारून शहाण्यासारखी गेली. मी तिरक्या डोळ्यांनी बघितलं तर डावा हात कडीवरून निघाला होता आणि गजरा नीट करत होता. मी ठरवलं की आता काही धोका पत्करायचा नाही. तीसवर आलो. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर तीस.

एवढ्यात मागून हॉर्न वाजला. तीच काळीपिवळी, तशीच ठासून भरलेली, धूळ उडवत आमच्या पुढं निघून गेली. मागच्या फळीवर तेच आजोबा, पापणी न हलवता. बायको सीटवर ताठ झाली, तिनं माझ्या मांडीवर फटका मारला आणि ओरडली, "अहो, बघत काय बसले? ती जीप पुढं जाऊन राहिली! दाबा की!"