अस्वल दिलं, बर्फ ठेवून घेतला

माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं मला फसवलं. माझं वाक्य उचललं आणि माझ्याच मुलीपुढे स्वतःचं म्हणून खपवलं.

२००८ सालची गोष्ट. मुलगी कायदा शिकत होती, सुट्टीत इंग्लंडमधल्या आमच्या घरी, लेस्टरला आली होती. डोक्यात फक्त ध्रुवावरची पांढरी अस्वलं. समुद्रावरचा बर्फ वितळतोय, शिकारीला त्यांना उभं राहायला जागा उरत नाही, म्हणून अमेरिकेनं त्यांना कायद्याचं संरक्षण दिलं होतं. पण सोबत एक नियमही जोडला होता. ज्या धुरानं बर्फ वितळतो, त्यावर या संरक्षणाच्या जोरावर बंधन घालता येणार नाही. चहा पिताना, भांडी पुसताना ती तेच सांगायची आणि संतापायची. संताप माझाच घेतलाय तिनं.

मी पोहे परतत होते. भाऊ ब्रॅकनेलहून आला होता, टेबलाशी बसला होता.

"अगं, हा तर माझ्या पहिल्या दुकानाचा सौदा झाला," मी म्हणाले. "मालकानं दुकान दिलं आणि माल आत आणायची मागची गल्ली स्वतःकडे ठेवली. यांनी अस्वल दिलं आणि बर्फ ठेवून घेतला."

मुलगी मोबाइलवर मेसेज करत होती. "हं, आई," म्हणाली. भाऊ हसला आणि आणखी पोहे मागून घेतले.

माझं इंग्रजी बाजारात उभं राहून शिकलेलं, त्याचं ऑफिसातलं, गुळगुळीत. परीक्षेचं टेन्शन आलं की ती मामाला फोन करायची. मला फोन यायचा तो कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या, हे विचारायला.

पुढच्या महिन्यात हॅरोला मराठी मंडळींच्या कार्यक्रमात ती या अस्वलांवर बोलली. प्रश्नोत्तरांत भाऊ उठला. "समजा, एखादं दुकान आहे," अशी सुरुवात करून माझी गल्ली, माझा मालक, माझं अस्वल, सगळं इंग्रजीत सांगून मोकळा झाला. हॉलभर टाळ्या.

"मामा, यू आर अ जीनियस! हे मी वापरणार हां!" मुलगी स्टेजवरून ओरडली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्याकडे बघताना मी कधी पाहिलेलं नाही.

चहाच्या टेबलाशी मी त्याला गाठलं.

"लाज नाही वाटली?"

"ताई, हळू बोल. तू सांगितलंस तेव्हा ती ऐकत होती का? माझ्यामुळे निदान पोचलं तरी."

"पोचवलंस ना? मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"एवढ्या लोकांत काय सांगू? ताई पोहे करताना म्हणाली?"

"का? पोहे करताना बोललं की माल फुकट?"

तो कप घेऊन दुसऱ्या घोळक्यात गेला.

तेव्हापासून मुलगी जिथे बोलते तिथे "माझा मामा म्हणतो" म्हणून सुरुवात करते. ते माझं आहे, असं मी तिला सांगू शकते. पण मग ते मागून घेतल्यासारखं होईल. भाव पाडून मी आयुष्यभर घेतलंय, मागून कधीच नाही. त्यामुळे हे त्यानंच सांगायला हवं, तिच्यासमोर, मी तिथे असताना. वाक्य कुणाचं होतं रे, आणि ताईचं नाव घ्यायला तुला कसली लाज वाटली? उत्तर दे.