मागं कोण पळतंय?

किस्से फायलींसारखे साठतात. एक ओढायला जावं तर वरचे चार घसरून अंगावर येतात. माझी सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली, तेव्हा आपल्याकडचा साठा मोठा आहे असं मी समजत होतो. पण निवृत्तीनंतर एका टीव्हीच्या शूटिंगवर जेमतेम एक हंगाम काढला आणि कचेरी मागे पडली. कारण साधं आहे. कचेरीतले किस्से आम्ही रोजच्या चहाबरोबर संपवत होतो. शूटिंगवरचे सांगायला बंदी होती, म्हणून ते साठले.

स्पर्धा अशी होती की काही माणसं रानात सोडायची, त्यांना दोरावर चढवायचं, पाण्यात उतरवायचं, एकमेकांशी भांडवायचं आणि दर आठवड्याला एकाला घरी पाठवायचं. हे रान म्हणजे वेल्ह्याच्या बाजूचं, धरणाच्या पाण्याकाठचं आमच्या गावचं शिवार. कुणाच्या बांधावरून गाडी न्यायची आणि कुणाला आधी नमस्कार घालायचा हे सांगायला त्यांना माहितगार माणूस हवा होता. तो मी. आमच्याकडे कारकून निवृत्त झाला तरी ‘भाऊसाहेब’च राहतो, त्यामुळे मुंबईची पोरंही मला भाऊसाहेब म्हणू लागली. पहिल्याच दिवशी आमच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या: इथं जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही, बोललात तर कोर्ट.

कंपनीचं नाव मी आजही घेत नाही. कोर्ट मी आतून पाहिलेलं आहे.

*

डिरेक्टर म्हणजे उलटी टोपी घातलेला तिशीचा पोरगा. त्याचा एक मंत्र होता: "एडिटमध्ये बघू."

घनदाट जंगलात वाट चुकलेले स्पर्धक आणि त्यांच्या मागून आमची एसटी जाते. मी म्हटलं, "साहेब, एसटी आली." तो म्हणाला, "एडिटमध्ये बघू." विजेचा खांब आला, एडिटमध्ये बघू. लोकांनी कधी पाय ठेवला नाही अशा गुहेत कुणाच्या तरी लग्नाची पत्रावळ सापडली, एडिटमध्ये बघू.

आमच्या कचेरीत याच कामासाठी "वर पाठवू" म्हणायचे. फरक एवढाच, की वर पाठवलेलं कधीतरी खाली यायचं.

*

दुसऱ्या भागात स्पर्धक तीन दिवस उपाशीतापाशी चालत डोंगर ओलांडतात. टीव्हीवर ते पाहून माझ्या बायकोनं पदर डोळ्याला लावला.

प्रत्यक्षात ती सगळी मंडळी बबनच्या टेम्पोत होती. बबन हा आमचा ड्रायव्हर, कापूरहोळचा. वाटेत त्यानं ओळखीच्या ढाब्यावर गाडी थांबवली, कारण बबनची गाडी तिथं थांबल्याशिवाय पुढं जात नाही. सगळ्यांनी मिसळ खाल्ली. मग मुक्कामी पोचल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला माती फासून त्यांना अर्धा मैल चालवलं.

हा भाग लागला त्या दिवशी बबन गंभीर होता. म्हणाला, "भाऊसाहेब, त्या दाढीवाल्यानं दोन प्लेटी खाल्ल्यात आणि हितं झाडाचा पाला चघळतोय. माझ्या ढाबेवाल्याला काय वाटंल?"

*

युनिटचा स्वयंपाक आमच्या गावच्या सुलभाकाकूंकडे होता. साठी उलटलेली बाई, दोन्ही गुडघे गेलेले, अंगावर कायम हिरवं लुगडं आणि हातात झारा. सुलभाकाकू पळत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. एसटी सुटायला आली तरी त्या चालतच जातात. ड्रायव्हरच थांबतो.

एकदा जेवणाच्या रांगेत गॅसच्या नळीनं पेट घेतला. जाळ तंबूच्या कापडाला लागेल एवढा उंच गेला. डिरेक्टर, अँकर, पिळदार दंडांचे स्पर्धक, सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. सुलभाकाकू पाणवठ्यावरून येत होत्या. त्यांनी चाल बदलली नाही. आल्या, वाकल्या, टाकीचा खटका बंद केला, ओलं पोतं टाकलं आणि म्हणाल्या, "पोळ्या करपल्या तेवढ्या."

डिरेक्टर लांबूनच ओरडला, "काकू, तुम्ही पळाला का नाहीत?"

"पळून कुठं जायचं? गुडघे हितंच राहत्याल."

एक कॅमेरा चालूच राहिला होता. रांगेत पुढं उभी असलेली शुभांगी, स्पर्धकांपैकीच एक, त्यात सापडली. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. तेव्हा आम्ही तो चेहरा बघून हसलो होतो.

*

शुभांगी आमच्या गावची लेक, दिलेली वरवे बुद्रुकला. तिथं ती मुलींना दोरावरच्या मल्लखांबाचा क्लास घेते. मोठ्या मिनतवारीनं मुली जमल्या होत्या. दोरावर पोरगी चढवायची म्हणजे आईबापाचा जीव खाली टांगलेला असतो. मॅडम खंबीर आहेत, एवढ्या एका गोष्टीवर तो क्लास चालायचा. स्पर्धेत गेली तीही त्यासाठीच. टीव्हीवर दिसलं की आणखी मुली येतील.

आम्ही सगळे तिच्या बाजूनं होतो. तिच्या ताटात भाकरी जरा मोठी पडायची. हे कुठल्या नियमात बसत नव्हतं, पण झारा काकूंच्या हातात होता.

*

पहिला भाग लागला तेव्हा गावानं देवळाच्या मंडपात पडदा लावला. बबननं प्रोजेक्टरला मोबाईल जोडला. त्या दिवशी मला कळलं, की आमच्या गावाची टीव्ही बघायची तऱ्हा निराळी आहे. पुढं कोण रडतंय, कोण कुणाला दगा देतंय, याच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. सगळं गाव मागं बघत होतं.

"ती बघ आपली म्हस."

"मागल्या बांधावर चड्डी कुणाची वाळतीया?"

यात पुढारी म्हणजे तुकानाना, वय ऐंशीच्या घरात. शूटिंगची निम्मी जागा त्यांच्याच वावरात. एक स्पर्धक खडकावरून पाण्यात उडी मारतो, असा प्रसंग चालला होता. उडीच्या आधी मागच्या वावरात भात उभं होतं. माणूस हवेत असताना भात कापलेलं. पाण्यात पडला, तर भात पुन्हा उभं.

नाना म्हणाले, "आरं, ह्यानं तीन बारी उडी मारलीया. एक काढणीच्या आधी, एक नंतर. आन् तिसरी परत आधीचीच."

मुंबईत एडिट करणाऱ्यांनी महिनाभर डोकं लावून जे शिवलं, ते नानांनी बसल्या जागी उसवलं. मी हसलो. पण त्याच दिवसापासून मी काळजीतही पडलो. कारण उड्या अशा शिवतात, तर माणसं कशी शिवतील? आणि तोवर ती दोराची गोष्ट घडून गेली होती.

*

ती गोष्ट अशी.

पाण्याच्या एका अरुंद फाट्यावर या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधला होता. कमरेच्या पट्ट्याची कडी दोरात अडकवायची आणि हातापायांनी सरकत पलीकडं जायचं. खाली पाणी कमी, खडक जास्त. शुभांगी पुढं होती. तिच्या मागून मुंबईची टीना. शुभांगीचा हात पलीकडच्या खुंटाला लागणार, एवढ्यात टीनाची कडी सुटली. ती नुसत्या हातांवर लोंबकळू लागली.

आम्ही अलीकडच्या काठावर होतो. शुभांगीनं मागं बघितलं, तशीच उलटी फिरली, टीनापाशी पोचून तिला पायांच्या विळख्यात धरलं आणि आपली कडी काढून तिच्या पट्ट्याला लावली. म्हणजे आता टीना बांधलेली आणि ही मोकळी. बबन आणि गावची पोरं दुसरा दोर घेऊन पोचेपर्यंत ती तशीच होती. खाली उतरल्यावर तिच्या तळहाताला कातडी उरली नव्हती.

डिरेक्टर खाली बसला होता. टोपी हातात. मला वाटलं, आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल.

तो म्हणाला, "एडिटमध्ये बघू."

दुसऱ्या दिवशी टीनाला खुंटापासून चार हातांवर पुन्हा लटकवलं आणि तिचं ‘पोचणं’ शूट केलं. बिचारी कापत होती. शुभांगी पोचलीच नव्हती, म्हणून शुभांगी बाद. कड्या कुणी तपासल्या होत्या, हे मी विचारलं. उत्तरादाखल मला सहीची आठवण करून देण्यात आली.

*

भागाची जाहिरात लागली आणि माझी झोप गेली.

जाहिरातीत शुभांगी दोरावरून मागं वळते. लगेच तिचा चेहरा, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. आणि जाड आवाज: "कोणाच्या मनात शिरली भीती?"

तो चेहरा दोरावरचा नव्हता. तो गॅसच्या जाळाचा होता.

मी तिच्या घरी गेलो. तिच्या हातांवरच्या पट्ट्या निघाल्या होत्या, पण चहाचा कप ती अजून दोन बोटांनी धरत होती. म्हटलं, "शुभा, आपण बोलू. माझं काय करतील? पेन्शन कोर्ट खात नाही."

ती म्हणाली, "भाऊसाहेब, दोर आपल्या गावच्या पोरांनी बांधला होता. कडी कंपनीची, पण तोंड उघडलं तर खापर कुणावर फुटंल? टोपीवाल्यावर?"

इतकी वर्षं कचेरीत काढल्यावर याचं उत्तर मला तरी विचारायला नको होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. संतोष होता, वरव्यातलाच, जवळच्या कारखान्यात कामाला. त्याची वैष्णवी क्लासमधली सगळ्यात वर चढणारी मुलगी. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, घरात जरा बोलणं झालं. म्हणजे तुमच्याबद्दल न्हाई कायी. पण तुमीच घाबरला, तर उद्या वर काय झालं मग पोरीकडं कोण बघणार? भाग बघतो आन् सांगतो."

"बघा," शुभांगी म्हणाली. तिनं फोन ठेवला आणि दोन बोटांतला कप खाली ठेवला. "सहा जणांचा असाच फोन आलाय. सगळे भाग बघून सांगणार आहेत."

गावात परतल्यावर मी काकूंकडे डोकावलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना काळजी सांगितली, सविस्तर, कारकुनाच्या पद्धतीनं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमी बोलू नका. तुमी बोलायला लागला की लई वेळ लागतो."

*

त्या संध्याकाळी मंडप भरला होता. वरव्याहूनही माणसं आली होती. संतोष खांबाला टेकून उभा, शेजारी वैष्णवी. शुभांगी बायकांत मागं बसली होती. यायला नको म्हटलं होतं तरी आली. काकू तिच्या पुढ्यात, झारा नसल्यानं हात रिकामे.

दोराचा प्रसंग सुरू झाला. शुभांगी सरसर पुढं जाते. खुंट जवळ येतो. ती मागं बघते, उलटी फिरते. चेहरा, जाळाचा. संगीत. मग एकदम काठावर मान खाली घालून बसलेली शुभांगी. टीना पलीकडं पोचते, हात वर करते. अँकर म्हणतो, "आज दोर नाही तुटला, धीर तुटला."

वैष्णवीनं बापाकडे बघितलं. बाप चपला शोधत होता. मी उठलो. काय बोलणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं. शुभांगीनं मागून खूण केली, बसा.

तेवढ्यात तुकानाना म्हणाले, "बबन, थांबव. मागं घे."

बबननं मागं घेतलं. शुभांगी सरसर पुढं जाते, मागं बघते.

"हितं धर."

चित्र थांबलं. शुभांगी दोरावर मोठी दिसत होती. नाना तिच्याकडे बघतच नव्हते. उठले, काठी टेकत पडद्याजवळ गेले आणि काठीचं टोक तिच्या खांद्यापलीकडं, पार लांबच्या काठावर, स्वयंपाकाच्या तंबूजवळ लावलं. तिथं एक हिरवा ठिपका होता.

"जरा चालू कर. हळू."

हिरवा ठिपका तंबूतून सुटला आणि उताराला लागला. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. हातात काहीतरी चमकत होतं. ठिपका पडला, उठला, पुन्हा पाण्याकडं सुटला.

बायकांतून कुणीतरी म्हणालं, "अगं बया. ही तर सुलभा."

"पळतीया?"

"मागं घे रं, मागं घे."

बबननं पुन्हा लावलं. मग पुन्हा. एडिट करणाऱ्यांनी टीना कापली, कडी कापली, रक्त कापलं. एका म्हाताऱ्या बाईचं पळणं त्यांना दिसलंच नव्हतं. दिसलं असतं तरी त्यांना त्यात काय कळणार होतं?

सगळा मंडप आता काकूंकडे वळला होता. चपला शोधायला वाकलेला संतोषही.

नानांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "सुलभे, जाळ लागला तवा तू चालत आलीस. तुझ्या लेकाच्या वरातीत तू चालत गेलीस. शुभी दोरावर मागं फिरली, तवा तू का पळत हुतीस?"

काकूंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बबनकडं. मग पदर सारखा केला.

"मला बोलायची बंदी हाय, नाना. सही केलीया म्या." त्या थांबल्या. "पळायची नव्हती."

बबननं मोबाईल काढला, पडदा पांढरा झाला. संतोष चपला तशाच टाकून बायकांमधून वाट काढत मागं गेला, शुभांगीसमोर उभा राहिला आणि बराच वेळ तिच्या तळहातांकडं बघत राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "उद्या क्लासला दोर बांधायला माणूस लागंल नव्हं?"