व्हॉल्वचा दोष त्यानं ओळखला होता

ही गोष्ट मी घरात कुणालाच सांगितलेली नाही. गॅरेजचा विषय निघाला की मी दुसरंच काही बोलत राहायचो. आता वय झालं, म्हणून लिहून ठेवतो.

गंगाखेडला माझं गॅरेज होतं. ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. राणीसावरगावकडच्या एका बागायतदारानं मुंबईहून जुनी परदेशी गाडी आणली होती, डिझेलची, इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो असलेली. ती चढाला ओढेना, उभ्या जागी धडधडायची, काळा धूर सोडायची. मी म्हणालो, टर्बो गेला.

माझ्याकडे सहा वर्षांपासून एक कारागीर होता. माझ्याच वयाचा, बौद्धवाड्यातला. त्यानं वाकून बराच वेळ इंजिन ऐकलं. त्या गाडीत धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा एक छोटा व्हॉल्व होता, बाहेरची हवा कमी खराब व्हावी म्हणून. त्याची रबरी नळी काढून त्यानं तोंडानं हवा ओढली.

"ओढल्यावर व्हॉल्व उघडून इंजिन अडखळायला पाहिजे. काहीच फरक न्हाई. व्हॉल्व उघडाच अडकलाय," तो म्हणाला आणि नळी शर्टाला पुसून माझ्यापुढं धरली. "घ्या मालक, तुमीच बघा ओढून."

बागायतदार माझ्याकडं बघून हसला. "विद्यापीठाचं नाव बदला म्हणायलेत, आता माझ्या गाडीचा आजार बी ह्येच ठरवणार! ओढा मिस्त्री, ओढा. बघू द्या आमाला."

टाकीतलं डिझेल काढताना आम्ही दोघं एकच नळी तोंडात धरायचो. पण तेव्हा बघणारं कुणी नसायचं. मी हात पुढं केला नाही. "टर्बोच हाय," म्हणालो.

टर्बो उतरवून पुण्याला पाठवला. यात दोष नाही, अशा निरोपासह टर्बो परत आला. बसवला, तर धूर तसाच. बागायतदार अंगावर धावून आला, तेव्हा मी कारागिराकडं बोट केलं. "ह्यानंच व्हॉल्व खोलून बिघडवलाय."

"खोलू दिला कुठं तुमी, मालक?" एवढंच तो म्हणाला.

त्याच दिवशी मी त्याला काढलं. गावात दुसऱ्या कुणी त्याला ठेवलं नाही. गाड्या बिघडवतो, हे माझं बोलणं त्याच्या आधी तिथं पोचलेलं असायचं.

चार दिवसांनी दार लावून मी व्हॉल्व खोलला. काजळीनं गच्च भरलेला, आतला दांडा वरच अडकलेला. रॉकेलनं धुऊन बसवला. धूर गेला. बागायतदारानं माझी पाठ थोपटली, आणि मी थोपटू दिली.

काही वर्षांनी कळलं, तो जिंतूरला पाण्याची इंजिनं दुरुस्त करतो. एसटीनं गेलो. त्यानं स्टूल पुढं केलं. "बोला मालक, इकडं कसं काय?"

"सरकी बघायला आलो होतो," मी म्हणालो. त्यानं माझ्या पोरांची चौकशी केली, चहा मागवला. मी पाऊसपाण्याचं बोललो आणि पाचच्या गाडीनं परत आलो. पुन्हा गेलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, वारले ते, पोळ्याच्या आधी.

मला त्याला एवढंच सांगायचं होतं: तुझं बरोबर होतं, आणि तू नळी पुढं धरलीस तेव्हाच ते मला कळलं होतं. तरी तुझं नाव मी खराब केलं. चुकलं माझं, मला माफ कर.