स्वस्तातला कटर आणि सासूबाईंची विळी

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. व्यायाम कसे करायचे, काठी कुठल्या हातात धरायची, जिना कसा उतरायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आणि आजी, आता जमिनीवर बसणं बंद. कायमचं."

"मग विळीवर कशी बसू?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांना वाटलं आजी गंमत करतायत. ते हसले, सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

मालवणकडच्या एका खेड्यातून लग्न करून त्या डोंबिवलीत आल्या, त्या वेळी माहेरून आणलेली ती विळी. रुंद फणसाच्या लाकडाचा पाट, त्यावर उभं पातं, पात्याच्या टोकाला नारळ खोवायची खवणी. डोंबिवलीशेजारच्या कोपरमधल्या आमच्या घरात ओटा आला, गॅस आला, मिक्सर आला. पण रोज सकाळी त्या पाटावर एक पाय टाकून बसायच्या आणि भाजी चिरायच्या, नारळ खवायच्या. सुरीवर त्यांचा विश्वास नव्हता. सुरीने भाजी तासली जाते, चिरली जात नाही, असं त्यांचं म्हणणं. मिक्सरमधल्या खोबऱ्याला त्या चोथा म्हणायच्या.

ऑपरेशननंतर तीन महिने त्या हॉलमधल्या खुर्चीत बसून होत्या. तक्रार काही नव्हती. मला तेच बरं वाटेना. आज भाजी कसली करतेस, हे विचारणंसुद्धा त्यांनी सोडून दिलं होतं.

मी त्या वर्षी घरीच होते. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी सत्तावीस वर्षं यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढली, आधी पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. ते ऑफिस बंद झालं. माझ्या रेषेवरून दुसरं कुणीतरी कापायचं, घासायचं, भोकं पाडायचं. मी स्वतः आयुष्यात एक फळीही कापली नव्हती. पण कागद-पेन्सिल हातात घेतल्याशिवाय मला विचार करता येत नाही. एका दुपारी मी खुर्चीच्या उंचीचं एक छोटं टेबल काढलं. त्यावर विळी घट्ट बसवायची, समोर खुर्ची ठेवायची, की झालं.

ओळखीच्या सुताराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सध्या घोडबंदरला तीन फ्लॅट चालू आहेत. एका टेबलासाठी माणूस नाही पाठवता येणार. दिवाळीनंतर बघू." दुसऱ्याने तर टेबल कशासाठी हे ऐकून सरळ सांगितलं, "त्यापेक्षा आजींना चॉपर घेऊन द्या ना."

तेव्हा मी ठरवलं, आपणच करायचं.

ठरवल्यावर आठ दिवस मोबाइलवर मशीनं बघण्यात गेले. नामांकित कंपनीच्या एका कटरच्या, म्हणजे लाकूड कापायच्या गोल पात्याच्या मशीनच्या, पैशात दुसरीकडे कटर, ड्रिल आणि जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणारी छोटी करवत, अशी तीन मशीनं येत होती. नवरा बँकेत नोकरीला, त्यामुळे कुठलीही गोष्ट घेण्याआधी बारीक अक्षरं वाचायची त्याला सवय. तो शेजारी बसून अभिप्राय वाचायला लागला.

"अगं, एक लक्षात आलं का तुझ्या?" तो म्हणाला. "सगळ्यांनी मशीन घरी आलं त्याच दिवशी लिहिलंय. छान पॅकिंग, वेळेत डिलिव्हरी. सहा महिन्यांनी कसं चालतंय, ते एकानेही लिहिलेलं नाही."

"मला सहा महिने चालवायचंच नाहीये. एक टेबल करायचंय."

"मग तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला. मलाही तेच वाटलं. एका टेबलापुरतं मशीन, ते भारीतलं कशाला?

निदान हातात धरून बघावं म्हणून मी विठ्ठलवाडीला उतरले आणि उल्हासनगरच्या बाजूला गेले. तिथे एका दुकानात तशीच तीन मशीनं एका खोक्यात मिळाली. मी गॅरंटी विचारली. दुकानदाराने कटर प्लगला लावला, बटण दाबलं, मशीन किंचाळलं. त्याने बटण सोडलं. "देख लिया? चालू है. यही गॅरंटी." इतका सरळ माणूस खोटं काय बोलणार, असा विचार करून मी खोकं घेतलं.

गच्चीवर काम करायला सोसायटीची हरकत नव्हती, फक्त दुपारी लोकांच्या झोपेच्या वेळी नको. म्हणून मी सकाळी दहाला वर जायचे. ड्रिलने पहिल्याच दिवशी टाकाऊ फळीवर सरळ, स्वच्छ भोकं पाडली. मी एवढी खूश झाले की सगळी फळीच चाळणीसारखी करून टाकली. जिगसॉ थरथरायचा, पण कापायचा.

तिसऱ्या दिवशी मी कटर काढला. दोन स्टुलांवर सागवानाची फळी आडवी ठेवली, मधोमध पेन्सिलीची रेघ मारली आणि कापायला सुरुवात केली. फळीचा निम्मा भाग कापून झाला असेल. पातं अचानक अडकल्यासारखं झालं आणि ते मशीन लाकडातून उसळून मागे माझ्या अंगावर आलं. काय झालं ते कळायच्या आत मी हात वर झटकला. बटण सुटलं, तरी पातं फिरतच होतं, आणि त्यावर झाकण म्हणून जे कव्हर यायला हवं होतं ते वर तसंच अडकून बसलेलं. माझ्या कुर्त्याची डावी बाजू मांडीपासून खाली दुभंगली होती. कातडीला ओरखडासुद्धा नव्हता.

मी गच्चीवरच्या टाकीला टेकून बसले. बऱ्याच वेळाने खाली आले, कुर्ता बदलला आणि फाटलेला कपाटात खाली दडपून ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "आज मशीनचा आवाज लवकर बंद झाला गो?"

"पातं गरम झालं होतं," मी म्हटलं.

दोन दिवस मी कुणाला काहीच सांगितलं नाही. मग कपडे धुवायला काढताना नवऱ्याच्या हातात तो कुर्ता आला. तो ओरडला नाही. फाटलेल्या जागेवर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे इथपर्यंत आलेलं?" मी मान डोलावली. तो पलंगाच्या कडेवर बसला. नंतर म्हणाला, "अभिप्राय वाचण्यापेक्षा मी वर येऊन उभा राहायला हवं होतं."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं कल्याणला एका लाकडाच्या वखारीत गेलो. फळ्या तिथूनच कापून घ्याव्यात, असा विचार होता. वखारीच्या दाराशी एक म्हातारे गृहस्थ करवतींना धार लावत बसले होते. कुणा जाणकाराला दाखवावा म्हणून मी कटर पिशवीत घालून नेला होता, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो प्लगला लावायची तयारीच दाखवली नाही. हातातच फिरवून बघितला. पात्यावरचं कव्हर बोटाने वर केलं आणि सोडलं. ते आरामात, मधेमधे थांबत खाली आलं.

"बघितलंत? हे खटकन यायला हवं," ते म्हणाले. "ह्याची स्प्रिंग मेलेली आहे. आणि हा खालचा पत्रा बघा, हाताने वाकतोय. फळी कशावर ठेवली होती?"

"दोन स्टुलांवर."

"आणि मधे कापलीत?"

"हो."

"म्हणजे कापता कापता फळी मधे खचली आणि तिने पातं आवळलं. ती चूक तुमची. माझ्याकडूनही झालीय पूर्वी. पण चांगल्या मशीनचं कव्हर असतं ना, ते तुमच्या चुकीवर पांघरूण घालतं. ह्याने घातलं नाही."

खोक्यातल्या ड्रिलचं आणि जिगसॉचंही सांगून मी विचारलं, स्वस्तातली मशीनं घ्यायचीच नाहीत का? त्यांनी धारेचा दगड बाजूला ठेवला.

"असं नाही, ताई. तुमचं ते ड्रिल बिघडलं तर काय होईल? भोक पडायचं थांबेल. जिगसॉ बिघडला तर कापायचा थांबेल. तिथे स्वस्तातलं घ्या, खुशाल वापरा. पण हे मशीन बिघडतं तेव्हा थांबत नाही, अंगावर येतं. तिथे पैसे वाचवायचे नाहीत. पैसे नसतील तर मशीनच घ्यायचं नाही." मग त्यांनी माझं ड्रॉइंग बघायला मागितलं. बराच वेळ बघून म्हणाले, "चार पाय, चार पट्ट्या आणि एक फळी. ह्याला कटर लागतोच कशाला?" त्यांनी मला एक हातकरवत निवडून दिली, धार लावून दिली, आणि वखारीतल्या एका ओंडक्यावर माझ्याकडून दहा वेळा कापून घेतलं. "दाबू नका. करवतीला तिच्या वजनाने जाऊ द्या."

घरी आल्यावर कटरचं काय करायचं हा प्रश्न उरला. दुकानदार परत घेणार नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी माझ्या मशीनचा विषय काढला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी लगेच फोन केला. त्यांना गावच्या घराचं कुंपण करायचं होतं, निम्म्या किमतीत द्याल का म्हणाले. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. त्यावर ते हसून म्हणाले, "अहो, तुम्हाला सवय नाही म्हणून घाबरलात. आम्ही पुरुष माणसं सांभाळून वापरू."

क्षणभर मला वाटलं, द्यावा. ते मोठे माणूस, त्यांना समजावून झालं, आता त्यांचं ते बघतील. पण तो कुर्ता माझ्या डोळ्यांपुढे होता. फोन ठेवल्यावर मी कात्री घेतली आणि मशीनची वायर मुळापाशी कापून टाकली. मग ते भंगारवाल्याला दिलं. ते गृहस्थ पुढे बरेच दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नव्हते.

हातकरवतीने चार पाय कापायला मला सुट्टीच्या चार सकाळी लागल्या. एकही काटकोनात आला नाही. नवरा फळी धरून उभा राहायचा आणि काही बोलायचा नाही, हे त्याचे माझ्यावर उपकारच. भोकं त्या स्वस्त ड्रिलने पाडली, स्क्रू बसवले, पॉलिश पेपरने घासून घासून टेबल गुळगुळीत केलं. विळी बोल्टने घट्ट आवळली आणि सासूबाईंना स्वयंपाकघरात आणलं.

त्यांनी नारळाची वाटी हातात घेतली, खवणीवर धरली आणि दाबली. आख्खं टेबल दोन बोटं पुढे सरकलं. पुन्हा दाबली, पुन्हा सरकलं. मी वाकून मागून टेबल धरलं. त्या थांबल्या.

"म्हणजे मी रोज नारळ खवणार, आणि तू रोज टेबल धरणार?"

मला रडूच आलं. महिनाभराची मेहनत, त्यात तो कटर, आणि शेवटी हे. सासूबाईंनी नारळ बाजूला ठेवला आणि माझ्या हाताला धरून मला स्टुलावर बसवलं.

"अगो, तू विळीकडे बघितलंस, माझ्याकडे नाही बघितलंस," त्या म्हणाल्या. "जमिनीवर विळी कशाने धरून राहते? माझ्या वजनाने. मी पाटावर बसते म्हणून तो हलत नाही. तू मला एका जागी बसवलंस आणि विळीला दुसऱ्या जागी."

सत्तावीस वर्षं मी बळ कुठे लागतं, आधार कुठे लागतो हे कागदावर दाखवत आले होते, आणि ते मला दिसलं नव्हतं. मी तिथेच वहीचं पान फाडलं. सासूबाई सांगत गेल्या, मी काढत गेले. टेबल नको, बाक हवं. लांब, खुर्चीइतकं उंच. एका टोकाला विळी, आणि त्याच फळीवर त्या स्वतः एका अंगाला बसणार. पातं किती पुढे, हे त्यांनी बसल्या जागी हात लांब करून दाखवलं. मी टेप लावायला गेले तर म्हणाल्या, "टेप नको, दोरी घे. हात कुठे सैल पडतो ते दोरीला कळतं."

दुसऱ्या वेळी काम निम्म्या दिवसांत झालं. जिगसॉ मधेच घरघरला, जळका वास सोडला आणि बंद पडला. वखारीतल्या आजोबांनी सांगितलं होतं तसाच, जागच्या जागी. राहिलेलं मी करवतीने कापलं.

बाकावर सासूबाई पहिल्यांदा बसल्या, तेव्हा आधी नुसत्याच पात्यावरून अंगठा हलकेच फिरवत राहिल्या. मग नारळ घेतला. बाक तसूभरही हललं नाही. पांढरंशुभ्र खोबरं ताटलीत पडायला लागलं आणि त्या मान वर न करता म्हणाल्या, "वालाच्या शेंगा आणल्यात का कुणी? का तेही मीच सांगायचं?"

ड्रिल अजून चालतंय. त्याची पकड सैल झाली आहे, तरी चालतंय. कटर मी नंतर घेतला, चांगला, वर्षभर थांबून, आणि त्याचं कव्हर आधी तिथेच दुकानात वीस वेळा उघडून-मिटून बघितलं.

तो घेण्याचं कारण म्हणजे बाकाची बातमी खालच्या गल्लीत पोचली आणि आणखी बाकं करायची वेळ आली. तिथे ह्या गावातलं एक जुनं आगरी कुटुंब राहतं. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, ती एके काळी त्यांचीच शेती. त्यांच्या सूनबाई मला बोलवायला आल्या. त्यांच्या आजेसासूबाई मासळी विळीवरच कापायच्या, आणि वर्षभर कुणी त्यांना जमिनीवर बसू देत नव्हतं. मी दोरी आणि वही घेऊन गेले. आजी ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, मग हात पुढे करायला सांगितला.

आजी जरा वेळ माझं ते मोजणं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मना पाठीला टेका पायजे, बाय. आन् पानी जायाला भोक ठेव. मासलीचा काम हाय."

मी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या.