रूथबाईंनी उशिरा उघडलेलं पत्र

रूथबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी वडीगोद्रीला बहिणीकडे होते. नव्वद वर्षांच्या होत्या. चहा घेऊन आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

जुन्या जालन्यातल्या शाळेत त्यांनी मला इंग्रजी शिकवलं, पुढे मी त्यांची शेजारीण झाले. जन्म व्हिएन्नाचा. ज्यू म्हणून तिथे जगणं अशक्य झालं तेव्हा डॉक्टर वडील बायकोला आणि चार वर्षांच्या रूथला घेऊन निजामाच्या राज्यात आले आणि जालन्यात राहिले. मागे राहिली ती बाईंची मावशी, लहानग्या पेटरला घेऊन. आम्हालाही बोलावून घ्या, अशी तिची पत्रं येत. वडिलांनी हैदराबादच्या कचेऱ्यांत खेटे घातले, परवानगी मिळाली नाही. मग युद्ध पेटलं, पत्रं थांबली. मावशीला नाझी छावणीत नेऊन मारल्याचं युद्धानंतर कळलं, मुलाचं काहीच कळलं नाही... आणि त्यानंतर तिचं एक पत्र आलं. जाण्याआधी ते तिने शेजारणीकडे ठेवलं होतं. बाईंच्या आईने ते कधीच उघडलं नाही. बहिणीने दोष दिला असेल, ही भीती. आईमागे ते बाईंकडे आलं, तसंच बंद.

सहा वर्षांपूर्वी मी म्हटलं, "बाई, आता तरी उघडा."

"भ्या वाटून राह्यलं गं, सुनंदा. आईला काही बोलली असंल तर? मला सहन व्हायचं न्हाई."

आठ दिवसांनी स्वतःच पाकीट घेऊन आल्या. अक्षर जुन्या जर्मन वळणाचं, बाईंना लागेना. माझी मुलगी नोकरीसाठी जर्मनीत आहे; तिला पत्राचा फोटो पाठवला, तिच्या म्हाताऱ्या घरमालकिणीने ते वाचून दिलं. 'तुम्ही धडपडलात, मला ठाऊक आहे. पेटरला ज्यू मुलांना वाचवायला निघालेल्या गाडीने इंग्लंडला धाडलंय. खाली पत्ता आहे. त्याला लिहीत जा.'

दोष नव्हता. पण बाई रडल्या त्या दुसऱ्याच गोष्टीसाठी. "सहा वर्षांचं लेकरू गेल्तं. वाट पाह्यली असंल ना त्यानं... आन् पत्ता आमच्या कपाटात!"

मुलीने पाच महिने शोध घेतला. पेटर मँचेस्टरला होते, घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेले. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, आईचा फोटो आहे का? त्यांच्याकडचा बॉम्बहल्ल्यात जळाला होता, चेहराही आठवत नव्हता. बाईंकडे दोघी बहिणींचा एकच फोटो होता. त्यांनी त्याची नक्कल करून घेतली आणि मूळ फोटो पाठवला. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "असली त्यालाच पाह्यजे. माझी आई मी डोळे भरून बघितली."

मग दोघांची पत्रं सुरू झाली. फोन असूनही दर महिन्याला पत्र, इंग्रजीत.

बाई गेल्याचं पेटरना मीच कळवलं, बाईंच्या खोलीतून फोन करून. त्यांनी विचारलं, "तिच्या पत्रांत माझ्या आईसाठी एक शब्द असायचा, मावशी. मला वाटायचं, लाडाचं नाव असेल. कधी विचारलं नाही. अर्थ काय त्याचा?"

मी म्हटलं, "आईची बहीण. आमच्याकडे ती दुसरी आईच."

पलीकडून त्यांनी तो शब्द उच्चारून पाहिला. जमला नाही. पुन्हा म्हटला... मी फोन धरून बसले, त्यांना नीट जमेपर्यंत.