चिमणाबाईंचं कागदावरचं शेततळं

लासलगावपासून आठ-नऊ किलोमीटरवर चिमणाबाईंची दोन एकर जमीन आहे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी सृष्टी सिन्नरला दिलेली. कांद्याचं रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत सगळं त्या एकट्याच बघतात. विहिरीचं पाणी मार्चपर्यंत कसंबसं पुरतं. शेततळं त्यांच्या रानात कधीच नव्हतं.

म्हणून तालुक्याहून आलेली नोटीस त्यांनी अक्षर अक्षर जुळवत तीनदा वाचली. शेततळ्यासाठी घेतलेलं अनुदान, मंगळवारी प्रत्यक्ष तपासणी, दोषी आढळल्यास फौजदारी कारवाई. कागद त्यांनी कोठीत बाजरीखाली खुपसला. सृष्टीलाही फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष आला. गावात ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र त्याचंच. दोन वर्षांपूर्वी किसान योजनेच्या हप्त्यासाठी त्याने चिमणाबाईंचा अंगठा घेतला होता. मशीन धरत नाही म्हणत चार-पाचदा घेतला होता.

"मावशी, नोटीस आली ना?" तो ओट्यावर बसला. "साहेबाला शेजारच्या सावळीरामदादाचं तळं दाखवायचं. माझं हाय म्हणायचं. दादा मंगळवारी कांदा घेऊन मार्केटला चाललाय."

"माझ्या नावावर पैसं तू उचललं?"

तो चिडला नाही. हळूच म्हणाला, "अंगठा तुझा, नवं खातं बी तुझ्याच नावाचं. माझं नाव कुठंच नाय. आत जाशील ती तू."

तो गेल्यावर त्यांनी भरदिवसा दाराला कडी लावली. पुढचे चार दिवस मोटरसायकल वाजली की हातातलं खुरपं थांबायचं. पोलीस आले तर सृष्टीच्या सासरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत राहायचं.

मंगळवारी साहेब आले. गोरक्ष पुढे, मागे साहेब, त्यांच्या मागे चिमणाबाई. तिघं सावळीरामच्या तळ्याच्या बांधावर चढले.

"आजी, कडेला उभ्या राहा, फोटो घ्यायचाय," साहेब म्हणाले. "तळं भरता कधी?"

"पावसाळ्यात," गोरक्षने उत्तर दिलं.

"त्यांना बोलू द्या."

चिमणाबाईंनी खाली पाहिलं. काळ्या प्लास्टिकवरून पाणी खोल गेलं होतं. गोरक्ष हातभर अंतरावर उभा होता.

"साहेब, हे तळं सावळीरामदादाचं हाय. माझ्याकडं तळं नाय. पैसं मी डोळ्यांनी बघितलं नाय."

एवढं बोलून त्या बांधावर बसल्याच. गोरक्ष म्हणाला, "मावशीचं डोकं जागेवर नसतं, साहेब."

साहेबांनी फोनवरचा नकाशा पुढे केला. "जमिनीचा गट नंबर दुसऱ्याचा आहे, हे मला बांधावर आल्याबरोबर दिसलं. आजी, तुम्ही हो म्हणाला असता, तर खोटं सांगितल्याचा गुन्हा तुमच्यावरच आला असता."

चिमणाबाईंना खरी भीती वाटली ती तेव्हा.

त्यांचा जबाब झाला. गावातली अशीच फसवलेली आणखी अकरा नावं निघाली, केंद्राला कुलूप लागलं. पण प्रकरण अजून चालू आहे. चौकशी संपेपर्यंत त्यांचा किसान योजनेचा हप्ताही थांबलाय, आणि जामिनावर सुटलेला गोरक्ष रोज त्यांच्या बांधावरून जातो. जाताना गाडी हळू करतो.

गेल्या आठवड्यात वस्तीवरच्या नवसाबाई तसलीच नोटीस पदराआड धरून आल्या. "तुला भ्या नाय वाटलं?" त्यांनी विचारलं.

"वाटलं. अजून वाटतं," चिमणाबाई म्हणाल्या. "चल, तालुक्याला साहेबांकडं जाऊ. दहाची जीप निघून जाईल."

दोघी रस्त्याला लागल्या. मागून मोटरसायकलचा आवाज आला, तेव्हा नवसाबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. वळून मात्र दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही.