उभं चिरलेलं द्राक्ष

मैदानावरची पोरं काकूंना 'चिरकाकू' म्हणत, आणि तेही अगदी तोंडावर. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या फुटबॉल टीमचा रविवारचा खाऊ काकूंकडे असायचा. उकडलेली अंडी, केळी आणि द्राक्षं. बिस्किटाचा पुडा त्यांच्या पिशवीत कधी शिरला नाही. द्राक्षं दोन किलो असोत की चार, एकूण एक उभं चिरलेलं! बालवाडीच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढलेली बाई. तिथे एकदा एका मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकलं होतं. मूल वाचलं, पण त्याचे निळे पडलेले ओठ काकूंच्या डोळ्यांपुढून काही हलले नाहीत. हे त्या कुणाला सांगत नसत. लोकांना वाटे, बाईला रिकामा वेळ फार.

"अहो काकू, पोरं काय तान्ही आहेत का?" गेल्याच रविवारी कोच सगळ्या पालकांसमोर म्हणाला होता. "उद्या केळीपण चावून द्याल!" सगळे खो खो हसले. काकूही हसल्या, पण ते मनाला लागलं.

फायनलच्या सकाळी नेमका अंडी उकडताना गॅस संपला. सिलिंडर बदलण्यात वेळ गेला आणि द्राक्षांचा एक डबा न चिरताच बंद करावा लागला. मैदानावर बसून चिरू म्हणून काकूंनी सुरी नॅपकिनमध्ये गुंडाळून घेतली. गेटवर वॉचमनने ती काढून घेतली. "मावशी, आत सुरी चालत नाही."

त्यांनी डबा बाकाखाली सरकवला. 'यातली चिरलेली नाहीत, देऊ नका,' एवढंच कोचला सांगायचं होतं. पण पुन्हा हसं करून घ्यायची हिंमत होईना. न सांगताच त्या वॉचमनशी हुज्जत घालायला परत गेल्या.

इकडे मॅच सुरू झाली आणि ऊन फार म्हणून रेफरीने पाणी-खाऊसाठी खेळ दोन मिनिटं थांबवला. काकू हात हलवत परतल्या तेव्हा डबा बाकावर होता. उघडा, अर्धा रिकामा. शिट्टी झाली होती आणि पोरं गाल फुगवून पळत होती.

चप्पल एकीकडे, पिशवी दुसरीकडे, आणि काकू थेट मैदानात.

"थांबा! थुंका सगळे! थुंका!"

आपलीच टीम गोल करायच्या बेतात होती. "डोकं फिरलंय का तुमचं?" कोच किंचाळला. काकू प्रत्येकापुढे तळहात धरत होत्या. "थुंक. तूपण थुंक." पालक ओरडत होते, पोरं रडत होती. ओरडणारं मूल ठीक असतं, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. न ओरडणारं कुठे आहे?

ते गोलपाशी होतं. टीमची गोलकीपर ठकी, मोठाले ग्लोव्ह्ज गळ्याशी धरून उभी. तोंड उघडं, आवाज नाही.

साठी उलटलेले गुडघे कसे धावले देव जाणे. काकूंनी पोरीला मांडीवर पालथं घेतलं आणि पाठीत तळहाताचा दणका दिला. एक. दोन. तीन. काही नाही. माझ्या मेल्या लाजेपायी, काकूंच्या मनात आलं, एक वाक्य तोंडातून निघालं नाही. चार. पाचव्या दणक्याला द्राक्ष गवतावर पडलं. अख्खं.

ठकीने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं काकूंनी जन्मात ऐकलं नव्हतं. तिची आई धावत आली आणि पोरीला छातीशी घेऊन तिथेच बसली.

कोचचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चूक माझी," काकू म्हणाल्या. "तो डबा चिरलेला नव्हता. मी सांगितलं नाही. तुम्ही हसाल म्हणून."

तो गेटवर गेला आणि सुरी घेऊन आला. वॉचमनने अडवलं नाही. उरलेला डबा घेऊन तो काकूंशेजारी गवतावर बसला.

"कसं चिरायचं?"

"उभं," काकू म्हणाल्या. "आडवं नाही. उभं."